आधी कोणी बघायचं?

बाई बोलत होत्या तेव्हा वारा माइकवर आदळत होता, त्यामुळे अर्धं बोलणं फडफडीतच गेलं. जे ऐकू आलं ते एवढंच : "टाकी झाली. पाणीपण येतं. पण चावी अजून त्याच्याच हातात." 'त्याच्याच' म्हणताना त्यांनी मान जराशी डावीकडे वळवली. तिकडे, चौकटीच्या बाहेर, कुणीतरी उभं असावं किंवा कुणाचं तरी घर असावं. मग त्या स्वतःच अडखळल्या, तोंडावर हात नेला, हसल्या आणि म्हणाल्या, "हे काही बरोबर नाही झालं. परत घ्या." कॅमेरा धरलेली मुलगी त्यांच्याच गटातली. तिने निमूटपणे लाल बटण पुन्हा दाबलं. या खेपेला बाई ताठ बसल्या, सरळ लेन्सकडे बघितलं आणि एका दमात म्हणाल्या, "टाकीमुळे आम्हा महिलांचा त्रास वाचला. आता तो वेळ आम्ही चांगल्या कामाला देतो. त्याबद्दल आम्ही संस्थेच्या आभारी आहोत." वारा तोवर पडला होता. आवाज अगदी स्वच्छ आला.

मी बाजूला वही घेऊन बसले होते. माझं काम लिहायचं. संस्थेच्या भाषेत डॉक्युमेंटेशन. काय ठरलं होतं, काय झालं, किती कुटुंबांना लाभ झाला, एक फोटो आणि लाभार्थीचं एक वाक्य. बाईंचं ते दुसरं वाक्य माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं. अशी वाक्यं मी तिरक्या अक्षरांत, फिकट रंगाच्या चौकोनात, अहवालाच्या उजव्या कोपऱ्यात लावत आले आहे. बाईंना ते कुणी पढवलं नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या आमच्या येण्याजाण्यातून, कुठल्या उत्तरावर पाहुण्यांचं पेन चालतं आणि कुठल्या उत्तरावर थांबतं हे बघून, त्या ते आपणहून शिकल्या होत्या. सहभागी व्हिडिओ आम्ही सुरू केला तो नेमका यातून सुटायला. लोकांनी आपलं काम आपणच चित्रित करावं, काय दाखवायचं ते त्यांनीच ठरवावं, मध्ये आमची वही नको. आणि वही मिटून ठेवली तरी ते वाक्य आलंच.

संध्याकाळी गटाने दोन्ही टेक बघितले. एकदा नव्हे, चांगले चार वेळा, कारण पहिल्या टेकमध्ये वाऱ्याखाली दबलेलं वाक्य नीट ऐकू यावं म्हणून सगळ्या जणी लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरवर वाकून बसल्या होत्या. मग वाद झाला. एकीचं म्हणणं, खरं ते ठेवा. दुसरी म्हणाली, दोन्ही खरंच आहे की. त्रास वाचला नाही का? तिसरीला चावीवाल्याच्या, म्हणजे वस्तीचं पाणी सोडणाऱ्याच्या, घरात मुलगी दिलेली. ती काहीच बोलली नाही. शेवटी गटातल्या सगळ्यात वयस्क बाईंनी निकाल दिला. दोन फिल्म करा. "हे आपल्याला, ते त्यांना."

'त्यांना' म्हणजे आम्हांला.

मी काही बोलले नाही, आणि त्यांनीही माझ्याकडे बघून काही झाकलं नाही. पण हा निकाल मला पुढे बरेच दिवस छळत राहिला. दोन फिल्म झाल्या तर दस्तऐवज कुठला? कार्यालयात यावरून कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? आणि जास्त खोलवरचं म्हणजे, आम्ही ज्या पद्धतीचं इतकं कौतुक करतो तिच्यात ही फट मुळातच आहे, की ही फट हेच तिचं यश आहे?

तसं बघितलं तर या पद्धतीचं शिकवणं मला फार आवडतं. सगळे गोल बसतात आणि कॅमेरा हातातून हातात फिरतो. एकाने समोरच्याला चौकटीत घ्यायचं, समोरच्याने आपलं नाव आणि मनातलं काहीतरी सांगायचं, मग कॅमेरा पुढे. पट्टा आधी गळ्यात, लेन्सला बोट नाही, लाल ठिपका दिसेपर्यंत बोलायला लावायचं नाही. फेरी संपली की तिथल्या तिथे सगळ्यांनी मिळून बघायचं. आधी हशा होतो, मग आपला आवाज ऐकून प्रत्येकाचं कसनुसं तोंड. "मी अशी बोलते?" कुणाचं कपाळ छाटलेलं, कुणाच्या मागे खिडकी असल्यामुळे चेहरा काळाठिक्कर. उजेड पाठीमागे घ्यायचा नाही, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. दुसरा खेळ माणसं गायब करण्याचा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करायचा, सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, रेकॉर्डिंग थांबलं की एकाने निघून जायचं, बाकीच्यांनी हलायचं नाही, पुन्हा रेकॉर्डिंग सुरू. पडद्यावर माणसं एकेक करून फटकन नाहीशी होतात. पोरांपेक्षा मोठी माणसंच त्यावर जास्त हसतात. आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की पडद्यावर दिसतं ते जसंच्या तसं घडलेलं नसतं, कुणीतरी जोडलेलं असतं. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचं सार या एका खेळात आहे. बातम्यांकडे बघायची त्यांची नजर त्यानंतर बदलते. आमच्या अहवालांकडे बघायचीही बदलत असणार. तसं त्या तोंडावर म्हणत नाहीत इतकंच.

प्रस्तावांत मात्र हे सगळं एका वाक्यात उरकलेलं असतं : आम्ही कॅमेरा लोकांच्या हाती दिला. मुखपृष्ठावर कॅमेरा डोळ्याला लावलेली बाई, पाठीमागे हसरी मुलं. कॅमेरा ज्याच्या हातात त्याची फिल्म, असा हिशेब. मला हा हिशेब चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा आहे हे या पद्धतीच्या जन्मकथेतच दिसतं.

ती कथा सांगणारे लोक नेहमी फोगो बेटापासून सुरुवात करतात, मीही करते. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंडजवळचं हे बेट. विखुरलेल्या छोट्या वस्त्या, मासेमारीवर पोट, धंदा खालावलेला, आणि अशा दूरच्या वस्त्या उठवून लोकांना दुसरीकडे हलवायचं सरकारी धोरण डोक्यावर. 1967 मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले. मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडेन या कामाच्या मागे होते. त्यांनी बेटावर एक मोठा माहितीपट केला नाही. 27 छोट्या फिल्म केल्या, एकेका माणसाच्या, एकेका प्रसंगाच्या, एकेका प्रश्नावरच्या. कॅमेरा होता 16 मिलीमीटरचा, तोही बोर्डाच्या तंत्रज्ञांच्या हातात. रीळ धुवायला बेटाबाहेर पाठवावी लागायची. म्हणजे आजच्या आमच्या प्रशिक्षणाच्या निकषावर हा प्रयोग पहिल्याच फेरीत नापास.

तरीही सगळे त्याचंच नाव घेतात, याचं कारण फिल्म आधी कोणी बघितली यात आहे. ज्याची फिल्म त्याला ती आधी दाखवली गेली आणि त्याच्या संमतीशिवाय ती बाहेर गेली नाही. मग ती बेटावरच्याच दुसऱ्या वस्त्यांत दाखवली गेली. एका किनाऱ्यावरच्या माणसांनी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांना पडद्यावर तेच गाऱ्हाणं मांडताना बघितलं. समोरासमोर बसले असते तर वस्त्यांमधली जुनी तेढ आड आली असती. पडद्यावरच्या माणसाला मध्येच तोडता येत नाही, त्याचं पूर्ण ऐकावंच लागतं. सरकारला फिल्म दाखवल्या गेल्या त्या यानंतर. आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग पुढचा आहे : मत्स्यखात्याच्या मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून उत्तर दिलं आणि ते उत्तर बेटावर परत नेऊन दाखवलं गेलं. बेट उठलं नाही. मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. ते केवळ फिल्ममुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. माणसं आधीपासून धडपडत होतीच. पण ती एकमेकांना दिसली, हे काम फिल्मने केलं.

त्याच सुमारास सोनीचा पोर्टापॅक आला. खांद्याला अडकवायचं रेकॉर्डर, अर्ध्या इंचाची टेप, चित्र काळं-पांढरं आणि भुरकट. पण टेप धुवावी लागत नव्हती. दुपारी घेतलं ते संध्याकाळी बघता येत होतं. मॉन्ट्रियलच्या सेंट जॅक या गरीब भागातल्या नागरिक समितीने त्याच बोर्डाच्या दोन बायांच्या, डोरोथी एनो आणि बॉनी क्लाइन यांच्या, मदतीने स्वतः कॅमेरा घेऊन रस्त्यावर लोकांना गाठलं, त्यांच्या अडचणी विचारल्या आणि त्या टेप जाहीर सभेत लावून पुढची चर्चा केली. इथे कॅमेरा खरोखर लोकांच्या हातात आला. पण टेप लावली कुठे? आधी आपल्याच सभेत. हा क्रम सुटला नाही.

आपल्याकडे 1984 मध्ये अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने असंच एक शिबिर घेतलं. मार्था स्टुअर्ट अमेरिकेतून शिकवायला आल्या होत्या. शिकायला भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायका. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 'व्हिडिओ सेवा' या संघटनेच्या व्हिडिओ गटाचा जन्म तिथला. मी त्या शिबिराबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, 'बटणांवरची अक्षरं कशी वाचली असतील?' आता असं शिकवताना रोज बघते, अक्षरं मीही वाचत नाही. बोट जागा लक्षात ठेवतं.

आणि तेलंगणातल्या झहीराबादजवळचं पस्तापूर. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका तिथे कॅमेरा चालवतात, फिल्म करतात. कॅमेरा किती उंचीवर धरायचा याचा त्यांचा स्वतःचा हिशेब आहे. वरून खाली बघणारा शॉट तो जमीनदाराचा, पटेलाचा. खालून वर बघणारा तो गुलामाचा. आणि डोळ्याला डोळा भिडवणारा, समोरच्याच्या बरोबरीच्या उंचीवरचा, तो संघमचा, म्हणजे बायांच्या गटाचा. त्या शक्यतो संघमचाच शॉट घेतात. आमच्या प्रशिक्षणात मी लो अँगल, हाय अँगल असं चांगलं तासभर समजावत असे. त्या बायांनी ते एका वाक्यात संपवलेलं, शिवाय त्या वाक्यात कोण कुठून बघतो हेही आलं.

ब्राझीलमधल्या कायापो आदिवासींनी 1985 पासून व्हिडिओ हाताळायला सुरुवात केली. आपले सोहळे, भाषणं यांच्या जोडीने ते आणखी एक गोष्ट टेपवर घ्यायचे : सरकारी माणसं आणि राजकारणी भेटायला आले की त्यांनी काय काय कबूल केलं ते. 1989 च्या फेब्रुवारीत धरणाच्या विरोधात अल्तामिराला मोठी सभा झाली तेव्हा जगभरचे पत्रकार त्यांची छायाचित्रं घेत होते आणि कायापो कॅमेरामन पाहुण्यांकडे कॅमेरा रोखून उभे होते. विकासकामाचं डॉक्युमेंटेशन म्हणजे गरिबाच्या घरात आलेला फरक टिपणं, हे आपण इतकं गृहीत धरलंय, की वचन देणाऱ्याचंही डॉक्युमेंटेशन होऊ शकतं हे आठवतच नाही. आमच्या कुठल्याच अहवालात 'संस्थेने काय कबूल केलं होतं' या मथळ्याखाली व्हिडिओ क्लिप जोडल्याचं मी बघितलेलं नाही.

हे सगळं मनात घोळवत मी पुन्हा त्या दोन फिल्मकडे येत होते. आपल्यासाठी एक, त्यांच्यासाठी एक. यात लबाडी आहे का? आधी वाटली होती. मग लक्षात आलं, प्रेक्षक बदलला की मीही बदलते. फिल्डवरून आल्यावर सहकाऱ्याला जे सांगते ते अहवालात लिहीत नाही, आणि अहवालात लिहिते ते फंडिंग एजन्सीच्या माणसाला चहाच्या वेळी सांगत नाही. बायांनी ते उघडपणे ठरवलं, टेबलावर मांडून, मतं घेऊन. एवढं पारदर्शक तर आमचं कार्यालयही नाही. पण मग एक अडचण उरतेच. आम्हांला आलेली फिल्म ही लोकांनीच केलेली, लोकांनीच निवडलेली. तिच्यावर 'सहभागी' असा शिक्का मारताना नियमात काहीच चूक नाही. आणि तरी ती आमच्याच कोपऱ्यातल्या चौकोनाची हलती-बोलती आवृत्ती आहे. कॅमेरा हस्तांतरित झाला. नजर तीच राहिली, कारण शेवटी बघणार कोण हे आधीपासून ठरलेलं होतं.

एडिटिंगला बसलो तेव्हा हे आणखी स्पष्ट झालं. शूटिंगपर्यंत सगळे उत्साहात असतात. एडिटिंग कंटाळवाणं. आम्ही शक्यतो आधी कागदावर करतो : प्रत्येक शॉटचं एक चित्र एका कार्डावर, कार्डं जमिनीवर पसरायची, हलवायची, उचलून बाजूला टाकायची. हे छान चालतं, वाचता न येणाऱ्या बाया यात सगळ्यात चलाख. कुठल्या कार्डात कोण काय म्हणालं ते त्यांना तोंडपाठ. पण मग कार्डांवरचं लॅपटॉपवर आणायचं असतं. टाइमलाइन नावाच्या त्या पट्टीकडे दहा जणी बघत बसतात, स्क्रीन लहान, उकाडा, कुणाचं मूल रडतं, कुणाला पाणी भरायचंय. एकेक करून उठतात. उरतो तो ज्याला सॉफ्टवेअर येतं. तो म्हणतो, "इथे थोडं लांबतंय, कापू का?" आणि दमलेली माणसं म्हणतात, "काप." फिल्म बहुतेकदा या 'काप'मध्ये हातची जाते, दुष्टपणाने नव्हे, केवळ दमल्यामुळे. वाट चालणं, थांबणं, हंडा खाली ठेवून नुसतं उभं राहणं, यांचे लांबलचक शॉट बायांनी मुद्दाम घेतलेले असतात. सॉफ्टवेअरवाल्याला ते लांबण वाटतं. ज्याने ती वाट चालली आहे त्याला ती तेवढीच लांब हवी असते. गटातल्याच एखादीला एडिटिंग शिकवणं हा खरा उपाय, पण त्याला वेळ लागतो, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्यासाठी रक्कम असते, वेळासाठी नसते.

'आपली' फिल्म वस्तीत दाखवली त्या रात्री मी होते. भिंतीवर चादर, प्रोजेक्टरच्या उजेडात किडे, आवाज कमी पडतोय म्हणून मागून ओरडा. चावीवाला शेवटच्या रांगेत उभा होता, हाताची घडी घालून. वाक्य आलं. वाऱ्यातून, अर्धंमुर्धं, पण वस्तीला कळायला तेवढं पुरलं. कुणीतरी फिसकन हसलं. ठरल्याप्रमाणे फिल्म तिथे थांबवली. मध्येच थांबवून बोलतं करण्याची ही रीत अनेक ठिकाणी आहे. शेतकऱ्यांना शेतकऱ्यांचेच व्हिडिओ दाखवणारा 'डिजिटल ग्रीन' हा प्रयोग 2006 मध्ये भारतात सुरू झाला, त्यातही व्हिडिओ नुसता लावून चालत नाही, थांबवणारा, विचारणारा माणूस लागतो, हे फार लवकर ध्यानात आलं होतं. तर फिल्म थांबली आणि शांतता पसरली. चावीवाला आता निघून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. म्हणाला, "रात्री पाइप फुटतो तेव्हा कोण उठतं, ते पण घ्या की मग." त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. थोड्या वेळाने कॅमेरावाल्या मुलीनेच म्हटलं, "या उद्या. घेते तुमचं."

तिने घेतलं. पहाटे, अंधुक उजेडात, तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघे टेकून बसलेला. चावी फिरवताना त्याच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या दिसतात. वरच्या अंगाला दाब का पोचत नाही ते तो हाताने हवेत रेघा ओढून सांगतो. कुणाचं पाणी आधी सोडावं यावरून त्याला कोण काय काय सुनावतं तेही सांगतो. मुलीने कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला होता, म्हणजे ती स्वतःही चिखलात बसली असणार. त्या क्लिपने चावी त्याच्या हातातून गेली नाही. पण पाणी सोडायच्या वेळा टाकीवर रंगवल्या गेल्या आणि तो आजारी पडला तर चावी कुणी फिरवायची ते ठरलं. ज्या बाईंचं वाक्य होतं त्यांचं समाधान झालं का? नाही. त्यांच्या मते तो अजूनही आपल्या आळीला आधी सोडतो. पण आता हे भांडण सगळ्यांसमोर चालतं, आणि ते चालतं याचाच मला जास्त भरवसा वाटतो.

यातलं काहीही आमच्या फिल्ममध्ये नव्हतं. आमच्या फिल्ममध्ये टाकी होती आणि आभार होते.

मूल्यमापनात 'सर्वांत महत्त्वाचा बदल' नावाची एक पद्धत वापरतात. रिक डेव्हिस यांनी नव्वदच्या दशकात बांगलादेशातल्या ग्रामीण विकासाच्या कामात ती बसवली. आकडे गोळा करण्याऐवजी लोकांकडून बदलाच्या गोष्टी घ्यायच्या, मग गटाने बसून त्यांतली एक निवडायची आणि तीच का निवडली ते लिहून ठेवायचं. व्हिडिओशी तिचं चांगलं जमतं. पण ती वापरणाऱ्यांपैकी बरेच जण निवडलेली गोष्ट तेवढी पुढे पाठवतात आणि निवडताना झालेला वाद गाळतात. मला विचाराल तर गोष्ट एक वेळ गाळा. त्या संध्याकाळी लॅपटॉपवर वाकून बायांनी जो वाद घातला, कुणी काय खरं म्हटलं, कोण गप्प राहिलं, त्यात त्या वस्तीच्या पाण्याचं सगळं राजकारण होतं.

अर्थात हे लिहिणं सोपं आहे. त्या वादाचं रेकॉर्डिंग करा म्हणणं, आणि ते बाहेर पाठवा म्हणणं, हे अजिबात सोपं नाही. गप्प राहिलेल्या त्या तिसऱ्या बाईचं गप्प राहणंही कॅमेऱ्यात येईल, आणि तिच्या मुलीला त्याच घरात नांदायचं आहे. संमतीचा कागद आम्ही शूटिंगच्या आधी घेतो. त्या वेळी कुणालाच माहीत नसतं आपण काय बोलणार आहोत. म्हणून संमती पुन्हा घ्यायची, बोलून झाल्यावर, आणि पुन्हा, फिल्म बघून झाल्यावर. आणि दिलेली संमती मागे घ्यायची मुभा ठेवायची. चेहरा नको असेल तर नुसते हात घ्या, पाठ घ्या, आवाज घ्या. फोगोच्या काळी रीळ एका डब्यात असायची. डबा परत मागता यायचा. आज क्लिप एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये गेली की ती कुणाचीच राहत नाही. 'बाहेर' म्हणजे मंत्र्यांचं कार्यालय असं समजण्याचे दिवस गेले. चुलतभावाचा फोन हेही बाहेरच. म्हणून बायांचं ते 'हे आपल्याला' मला आता वेगळं ऐकू येतं. लपवाछपवी नव्हती ती. आधी कोणी बघायचं आणि कोणी बघायचंच नाही, हे ठरवायचा हक्क त्यांनी वापरला होता, जो आम्ही त्यांना कुठल्याच प्रशिक्षणात शिकवला नव्हता.

मग कुठून तरी एजन्सीच्या कानावर गेलं की वस्तीत आणखी एक फिल्म आहे. विचारणा आली, अगदी सौजन्याने : तीही बघायला आवडेल, शिकायला मिळेल. मी ती विचारणा गटापुढे जशीच्या तशी वाचून दाखवली. पुन्हा वाद. पाठवू नका म्हणणाऱ्या होत्या, पाठवाच म्हणणाऱ्याही होत्या. चावीवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, माझा व्हिडिओ बरोबर जाणार असेल तर माझी हरकत नाही, नुसतं तिचं वाक्य जाणार नाही. वाक्यवाल्या बाई म्हणाल्या, जाऊ दे दोन्ही, पण मला परत बोलायचंय, तेव्हा वारा होता. गप्प राहणाऱ्या बाईंनी या वेळी तोंड उघडलं : माझा चेहरा जिथे जिथे आहे ते काढा. ते काढायला कॅमेरावाली मुलगी लॅपटॉपशी बसली. सॉफ्टवेअर आता तिला बऱ्यापैकी येतं, चुकते, पुन्हा करते. आणि वयस्क बाईंनी शेवटी एक अट घातली. बघून झाल्यावर त्या लोकांनीही कॅमेऱ्यासमोर बसायचं. टाकीनंतर पुढे काय करणार, वरच्या अंगाला पाणी कसं पोचवणार, की तो आपला विषयच नाही असं म्हणणार, जे असेल ते तोंडाने सांगायचं आणि इकडे पाठवायचं. आम्ही ते चादरीवर लावू, सगळ्यांना दाखवू, मध्ये मध्ये थांबवू.

मी ही अट ईमेलमध्ये लिहिली. सौम्य करायचा मोह झाला, केली नाही. गटातली मुलगी शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होती हे त्याचं एक कारण. पहिलं उत्तर आलं ते, हे नेमकं कुठल्या स्वरूपात अपेक्षित आहे, लेखी चालेल का, असं. गटाने कळवलंय की लेखी चालणार नाही, इथे सगळ्यांना वाचता येत नाही. उजेड मात्र पाठीमागे घेऊ नका, असंही मुलीने त्यात आपल्या हाताने घातलं आहे.